घर पाहावे गाऊन

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. ते पूर्वज स्वतःच्या जागेवर, गवंड्यापुढे उभे राहून घर बांधीत असत. हल्ली घर बांधण्याचा योग थोड्यांच्याच वाट्याला येतो. बाकीच्यांनी ते तयार घ्यावयाचे, आणि तेही जमिनीपासून दोन-तीन मजले उंचावर. तेव्हा जुन्या म्हणीत दुरुस्ती करून ‘घर पाहावे घेऊन’ असे म्हणावयास हरकत नसावी. पण गेल्या चार महिन्यांच्या पायपिटीनंतर मला आणखी एक दुरुस्ती सुचली, आणि तीच या लेखाच्या मथळ्यावर घातली आहे.

जाहिरात चारच ओळींची होती. ‘विकणे आहे : मालवा मिलजवळ, दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. नर्मदेचा नळ व बोअर. कागदपत्र साफ. मध्यस्थ नकोत.’ ती मी घरात वाचून दाखविली तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि एवढेच म्हणाली, “मालवा मिल? अहो, तिकडे?”

या ‘तिकडे’चा अर्थ आपल्या जुन्या मराठी घरांत कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. राजवाड्याभोवतीच्या, पंढरीनाथाजवळच्या, जुन्या तोपखान्याच्या वस्तीत ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या, त्यांच्या लेखी शहर तेथेच संपत असे. गिरण्यांचा भाग राजवाड्यापासून काही मैलांच्या आतच. पण आपल्या मनाने तो फार लांब ठेवला होता. तिकडे धूर, तिकडे भोंगा, तिकडे पाळ्या आणि संप. आपल्यापैकी पुष्कळांनी तो भाग अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या रूपाने आपल्या दारावरून जाताना पाहिला, तेवढाच.

घर सोडावे का लागले, ते थोडक्यात सांगतो, कारण हीच कथा वाचकांपैकी अनेकांच्या घरी घडली आहे किंवा घडते आहे. आजोबा होळकर दरबारात गवई होते. त्यांच्यामागे तंबोरा धरून बसता बसता माझे वडीलही अगदी कोवळ्या वयात दरबारच्या चाकरीत शिरले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. वाडा आजोबांच्या वेळचा. पुढे काका, चुलतभाऊ, त्यांची मुले असे वाटेकरी वाढत गेले आणि वाड्याचे मालक तेवढे उरले, वाडा सांभाळणारा कोणी उरला नाही. माळवद गळू लागले. तुळया वाळवीने पोखरल्या. शेवटी सर्वांनी मिळून तो विकला. त्याबद्दल मला कोणाला बोल लावावयाचा नाही. सात जणांत वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला जी रक्कम आली तीत शहराच्या नव्या भागात दीड खोली आली असती. जुन्या गिरण्यांच्या भागात मात्र दोन बेडरूमचे घर येत होते.

वाडा गेल्यावर काय गेले, ते आधी माझ्याही ध्यानात आले नव्हते. ओसरी, चौक, तुळशीवृंदावन यांचा उल्लेख सगळेच हळहळून करतात. माझे दुःख निराळे होते. त्या वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट रुंदीच्या, विटा-मातीच्या, वरून चुन्याचा गिलावा. वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर मातीचे माळवद. असल्या घरात गाणे भिंतींत मुरते. ते अंगावर परत येत नाही आणि शेजाऱ्याकडेही फारसे जात नाही. पहाटे चार वाजता वडील खर्ज लावीत आणि पलीकडच्या खोलीत आम्ही मुले गाढ झोपलेलो असू. घरात गाता येते की नाही, असा प्रश्न असू शकतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

तो प्रश्न पहिल्यांदा भेटला एका नव्या, देखण्या इमारतीत. इमारतीला आपल्या शहरात ‘मल्टी’ म्हणण्याचा प्रघात आहे, तेव्हा मीही तसेच म्हणतो. मल्टी सुरेख होती. खाली पहारेकरी, वर जाण्यास लिफ्ट. दाखविणाऱ्या गृहस्थांनी सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितले, “इथे इतकी शांतता आहे की टाचणी पडली तरी ऐकू येते.” मी म्हटले, “मी गाणे शिकवितो. दिवसाकाठी आठ-दहा मुले येतील.” गृहस्थांचा चेहरा पडला. ते समितीच्या अध्यक्षांना विचारून आले. ‘क्लास’ चालणार नाहीत. स्वतःपुरते गावयाचे तर खिडक्या बंद करून आणि ‘हळू’. हळू गाण्याची अट मला तोपर्यंत कोणी घातली नव्हती. दुसऱ्या मल्टीत हेच, तिसऱ्या मल्टीत याहून थोडे गोड शब्दांत हेच. पाचव्या ठिकाणी मी विचारावयाचेच सोडून दिले, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. जे लपवून करावे लागेल असे मी काय करीत होतो?

या मंडळींवर रागावण्याचेही कारण नाही. हल्ली भिंत साडेचार इंचांची, तिच्या दोन्ही अंगांना घट्ट सिमेंट. वरच्याची जमीन तेच खालच्याचे छत. शेजारी रियाज करू लागला तर तो आपल्याच दिवाणखान्यात बसल्यासारखा वाटतो. त्यांनी आयुष्याची पुंजी ओतून शांतता विकत घेतली आहे. ती कोणी फुकट का घालवावी? त्यांचे चुकत नाही. पण त्यांच्या नियमपुस्तकात ‘नाही’ हा एकच शब्द होता. केव्हा, किती वेळ, कोणाला त्रास होतो, हे कोणी विचारले नाही.

अशा मनःस्थितीत मी मालवा मिलची जाहिरात वाचली.

या भागाचा पूर्ववृत्तान्त थोडा सांगितला पाहिजे, कारण तो आपल्याच संस्थानाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या काळात, होळकर दरबाराने स्वतः कापडाची गिरणी काढली. राज्याने गिरणी चालविण्याचे उदाहरण तेव्हा हिंदुस्थानात विरळाच. पुढे माळव्यातील अफूच्या व्यापारात मिळालेला पैसा, विशेषतः तो व्यापार आटू लागल्यावर, कापसाकडे वळला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मालवा युनायटेड, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. सर सेठ हुकुमचंदांची कीर्ती तर कापसाचे राजे म्हणून देशभर झाली. भोवती परदेशीपुरा, पाटनीपुरा यांसारख्या वस्त्या गजबजल्या, आणि स्वातंत्र्यानंतर गुलझारीलाल नंदांच्या नावाचे नंदानगर कामगारांच्या घरांसाठीच वसले. या सगळ्या भागाला लोक अजून ‘श्रमिक क्षेत्र’ म्हणतात.

येथे कोणी कसे राहावे, याचा विचार करणारा एक परदेशी विद्वानही आपल्याकडे येऊन गेला. तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला पाचारण केले, आणि त्याचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची भीती होती. गेडिसने दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक काढविली आणि जाहीर केले की, ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ झालेली असतील त्या रस्त्यांवरून ती जाईल. लोकांनी घरे झाडली, रंगविली; मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे सोंग होते आणि शेवटी तुळशीची रोपे वाटली गेली. जुनी वस्ती पाडून टाकण्यापेक्षा ती डागडुजी करून राहण्याजोगी करावी, हे त्याचे मुख्य सांगणे. त्या अहवालात गिरण्यांच्या कामगारांच्या घरांचाही विचार आहे. मला या माणसाचे कौतुक अशासाठी वाटते की, त्याने लोकांना आधी ‘हे करू नका’ असे सांगितले नाही. त्यांच्या दारावरून मिरवणूक नेण्याचे वचन दिले.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गिरण्या एकामागून एक आजारी पडल्या. काही १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेल्या, तरी वाचल्या नाहीत. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली आणि ५,८९५ कामगार घरी बसले. त्यांच्या हक्काचे पैसे मिळण्यास ३२ वर्षे लागली. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटी रुपये कामगारांना व त्यांच्या वारसांना देण्यात आले, तेव्हा मूळ कामगारांपैकी कितीतरी या जगात नव्हते. गिरणीची सुमारे साडेबेचाळीस एकर जमीन गृहनिर्माण मंडळाकडे गेली. आज या भागात चिमण्या जाऊन मल्ट्या उभ्या राहत आहेत. जेथे कापड निघे तेथे घरे निघू लागली, एवढेच.

मी पाहावयास गेलो ती मल्टी मात्र नवी नव्हती. वीस-बावीस वर्षांपूर्वीची, चार मजली, लिफ्ट नसलेली. खाली किराण्याचे दुकान आणि एक शिवणकाम करणारा. मालक दारातच उभे होते. सत्तरी ओलांडलेले, काटक, मूळचे बऱ्हाणपूरकडचे खानदेशी मराठी. आयुष्यभर एका गिरणीच्या साचाखात्यात विणकर होते. मुलगा पुण्याला नोकरीवर. त्याच्याकडे जावयाचे म्हणून घर विकणे. त्यांनी मला पाणी दिले आणि म्हणाले, “मास्तर, जरा मोठ्यानं बोला. साच्यांनी कान खाल्ले आमचे.”

विणकामाच्या खात्यात शेकडो साचे एकाच वेळी खडखडत असतात तेव्हा आवाज नव्वद ते शंभर डेसिबलपर्यंत जातो. कानाशी तोंड नेल्याशिवाय शेजारच्याला बोललेले कळत नाही. त्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचे कान जातात, आणि ते परत येत नाहीत. मी गाणारा, मला या माणसापुढे ‘घरात आवाज चालेल का’ हे विचारणे जड गेले.

आधी व्यवहाराच्या गोष्टी झाल्या. त्यांनी क्षेत्रफळ साडेआठशे फूट सांगितले. मी टेप काढला. दोन बेडरूमपैकी एक अकरा बाय दहा, दुसरी दहा बाय दहा. हॉल सोळा बाय अकरा. स्वयंपाकघर, मोऱ्या आणि बोळ धरून आतली जागा सहाशे फुटांच्या आतबाहेर भरली. बाकीचे अडीचशे फूट जिना, गच्ची, बाहेरच्या भिंती यांत वाटलेले. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्र म्हणजे काय, ते ठरवून दिले आहे : बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट सोडून आतली वापरण्याची जागा, आतल्या भिंतींसह. जुने घर विकताना मात्र पुष्कळजण अजून जिन्यासकट आकडा सांगतात. तेव्हा घेणाऱ्याने टेप बरोबर न्यावा आणि संकोच करू नये. जमीन नजूलची की खासगी, रजिस्ट्री कोणाच्या नावाने, नामांतरण झाले की नाही, नगरपालिकेचा कर भरला की नाही, बँकेचा बोजा आहे काय, हे मी वकिलाकडून पाहून घेतले. हे सर्व वाचकांना ठाऊकच असेल. माझी खरी परीक्षा निराळी होती आणि ती मी आजवर कोणाला करताना पाहिली नाही.

मी मोकळ्या खोलीच्या मधोमध उभा राहून टाळी वाजविली. समोरासमोरच्या दोन उघड्या, सिमेंटच्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा इकडून तिकडे फेकला गेला आणि ‘टर्र’ असा एक अवशेष कानाला लागला. असल्या खोलीत तान स्वच्छ ऐकू येत नाही. शिकणाऱ्याला स्वतःची चूक कळत नाही. पण यावर उपाय सोपा : एका भिंतीला पुस्तकांचे कपाट, दुसरीवर जाड पडदा, खाली सतरंजी.

मग तंबोरा काढला. तो मी रिक्षात घालून मुद्दाम नेला होता. काळी एकला मिळविला. पहिली तार छेडली आणि अकरा फुटांच्या खोलीत मंद्र पंचम असा फुगला की जणू कोणी त्यालाच जवारी जास्त चढविली. याचे गणित आहे. अकरा फूट अंतराच्या दोन भिंतींना सेकंदाला सुमारे एक्कावन्न कंपनांचा नाद जुळतो, आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे एकशे दोनचाही. काळी एकच्या षड्जाला मंद्र पंचम पडतो एकशे चार कंपनांच्या जवळ. तेव्हा खोली आपल्या मनाने पंचमाला साथ देऊ लागते. सतरंजीने हा दोष जात नाही. पण खोलीच्या लांबीच्या पाव अंतरावर, भिंतीपासून पावणेतीन फुटांवर, बैठक घेतली की तो फुगीरपणा पुष्कळच कमी होतो. मी तेथे सरकून बसलो आणि चारी तारा समान बोलू लागल्या. म्हातारबुवा दारात उभे राहून हा प्रकार पाहात होते. त्यांना वाटले, मला वास्तुदोष काढावयाचा आहे.

सर्वांत महत्त्वाचे पाहिले ते डक्ट. मोऱ्यांच्या खिडक्या ज्या उभ्या पोकळीत उघडतात ती पोकळी खालपासून वरपर्यंत एखाद्या बासरीसारखी असते. तिच्यात एका मजल्यावर काढलेला आवाज सर्व मजल्यांवर पोचतो. म्हणून गाण्याची खोली डक्टकडे तोंड करणारी असू नये, रस्त्याकडची असावी. दाराखालची फट बुजवावी, कारण आवाज भिंतीतून जितका जातो त्याहून जास्त फटीतून जातो. तबल्याचा आवाज हवेतून थोडा आणि जमिनीतून फार जातो. त्याच्याखाली जाड गादी आणि तिच्यावर सतरंजी घातली तर खालच्या बिऱ्हाडाचे छत वाजत नाही. या साध्या गोष्टी आहेत आणि त्यांना फारसा पैसाही लागत नाही. घर आवडल्यावर मी धीर करून विचारले, “काका, मी इथे मुलांना गाणे शिकवीन. शेजारी काय म्हणतील?”

ते म्हणाले, “ते मी कसं सांगू? त्यांनाच विचारू ना.” आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मल्टीतल्या आठही बिऱ्हाडांना गच्चीवर बोलाविले.

ती सभा मी विसरणार नाही. कोणी माळव्याचे, कोणी उत्तर प्रदेशातून आलेल्या गिरणी कामगारांचे नातू, दोन मराठी घरे, एक मुसलमान शिंप्याचे. मला वाटले, येथेही ‘नाही’च ऐकावे लागणार. पण पहिला प्रश्न आला तो असा : “किती वाजता?” दुसरा : “तबला रोज की कधीमधी?” तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी इस्पितळात परिचारिका आहे, तिची रात्रपाळी असली की ती सकाळी नऊ ते दुपारी एक झोपते. खालच्या मजल्यावर एका आजींना रात्री झोप लागत नाही, दुपारी लागते. एका घरात दहावीचा मुलगा. हे सर्वजण एकमेकांना सांगत होते आणि मधेच माझ्याकडे पाहात होते, जणू मी तेथे राहतच होतो. अर्ध्या तासात ठरले : सकाळी सहा ते आठ, फक्त तंबोरा आणि गळा, नऊ ते चार काही नाही, चार ते आठ शिकवणी, तबल्यासह, परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळी सातलाच थांबावयाचे. म्हातारबुवांनी ते वहीच्या पानावर लिहून घेतले आणि सर्वांना वाचून दाखविले, म्हणजे मोठ्याने ओरडून दाखविले.

खाली उतरताना मी त्यांना म्हटले, “तुम्ही लोकांनी फार समजून घेतले.” ते म्हणाले, “मास्तर, यात समजून घ्यायचं काय? गिरण्या चालू होत्या तेव्हा तीन पाळ्या असायच्या. एका खोलीत दोघं भाऊ, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. कोण कधी झोपतो हे चाळीतल्या पोराला पण ठाऊक. भजन व्हायचं, भांडण व्हायचं, लग्नाचा बँड वाजायचा. पण विचारायचे, आत कोणी निजलंय का?”

येथे मला माझ्या विद्येची आठवण झाली. आपल्या संगीतात रागाला वेळ असते. तोडी सकाळची, मारवा दिवस मावळतानाचा, दरबारी रात्रीची. अमुक वेळी अमुक स्वर, हा नियम आपण शास्त्र म्हणून मुलांना पाठ करून घेतो. पण आवाजाला वेळ असावी आणि ती दुसऱ्याच्या झोपेकडे पाहून ठरवावी, हे गिरण्यांच्या वस्तीने पोटापाण्याच्या निमित्ताने शिकून ठेवले होते. आपण, ज्यांच्या भिंती दोन फूट रुंद होत्या, त्यांना ते शिकण्याची गरजच पडली नाही. म्हणून वाड्यातून मल्टीत आल्यावर आपल्याला दोनच गोष्टी सुचतात : एक तर दुसऱ्याने गप्प बसावे, नाही तर आपण.

सरकारचाही एक हिशेब या बाबतीत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते, म्हणजे ७५ आणि ५५ यांत शंभर पटीचे अंतर. गिरणीची जमीन घरांची झाली की कायद्याने त्या भागाचा आवाज शंभरावा हिस्सा व्हावयाचा. हे योग्यच आहे. ज्यांनी विणकरांचे कान पाहिले आहेत त्यांना ते पटेल. पण नियम आकडा सांगतो, वेळ ठरवून देतो. आत कोणी निजले आहे का, हे विचारण्याचे काम तो करू शकत नाही. ते शेजारालाच करावे लागते.

गिरण्या आणि गाणे यांचे नाते आपल्या शहराला नवे नाही, हेही या निमित्ताने आठवले. रामूभैया दात्यांच्या घरी मोठमोठ्या गवयांच्या मैफली झाल्या, त्या पाहिलेली माणसे त्यांच्या गोष्टी अजून सांगतात. त्यांचे चिरंजीव अरुण दाते याच शहरात १९३४ साली जन्मले. शिक्षणाने ते वस्त्रोद्योगाचे अभियंता, कितीतरी वर्षे त्यांनी त्या धंद्यात नोकरी केली, आणि त्यांची भावगीते घरोघर पोचली. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी सारंगी वाजवीत. नानासाहेब पानशांच्या पखवाजाचे घराणे याच दरबाराच्या आश्रयाने वाढले. दरबार गेला, गिरण्या गेल्या. पण अनंत चतुर्दशीला अजूनही त्या बंद गिरण्यांच्या नावाने झांक्या निघतात. १९२३-२४ च्या सुमारास हुकुमचंद मिलच्या कामगारांनी ही प्रथा सुरू केली. गिरणी बंद पडून तीन दशके झाली तरी निवृत्त कामगार, त्यांची मुले, वर्गणी गोळा करून, कोणाकोणाची मदत मिळवून दरसाल देखावा उभा करतात. ज्या गिरणीत आता एकही साचा नाही तिच्या नावाची पाटी रात्रभर दिव्यांत झळकत शहरातून फिरते. दरबार गेल्यावर दरबारी गायकी टिकविण्यासाठी आम्ही जे केले त्याहून हे काही निराळे आहे, असे मला वाटत नाही.

घर घेतले. बयाणा दिला तेव्हा म्हातारबुवांनी पैसे मोजून घेतले आणि वहीचे ते पानही माझ्या हाती ठेवले. म्हणाले, “हे कागदपत्रांत ठेवा.” मी खरोखरच ते रजिस्ट्रीच्या कागदांबरोबर ठेवले आहे. आई आता ऐंशीच्या घरात आहे. ती दोन मजले चढून आली, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “पातळ आहेत रे.” मी तिला पान वाचून दाखविले. ‘सकाळी सहा ते आठ’ ऐकल्यावर ती म्हणाली, “मग तोडी होते.” तिच्या मते घराचा विचार तेथेच संपला. सौ.चे ‘तिकडे’ अजून पुरते गेलेले नाही. पण खालच्या आजींनी तिला पापडाची भाकरी लाटताना मदतीला बोलाविले आहे, तेव्हा तेही फार दिवस टिकेलसे दिसत नाही.

पुढील काही वर्षांत आपल्यातील आणखी कितीतरी घरे आपापले वाडे विकून दोन-तीन खोल्यांच्या शोधात निघणार आहेत. त्यांनी पाणी पाहावे, ऊन पाहावे, कागद पाहावेत, टेप न्यावा. पण विसार देण्यापूर्वी एक दिवस संध्याकाळी तेथे जाऊन एक स्वर लावून पाहावा; गाता येत नसेल तर नातवंडाला एक कविता मोठ्याने म्हणावयास सांगावी. भिंती काय करतात ते कळेल, आणि दार उघडून शेजारी काय विचारतो तेही कळेल. तो ‘कशाला?’ म्हणाला तर दुसरे घर पाहावे. ‘किती वाजता?’ म्हणाला, तर घर कोणत्या भागात आहे याची फार चिकित्सा करू नये.